शेतकरी बाजारातलं ‘सगळं आमच्याच शेतातलं’: खरं-खोटं ओळखायचं कसं?

झोळीवाली

शेतकरी बाजारातून नेमाने भाजी घेणारे आणि तिथे भाजी विकणारे, दोघांनाही विचारायचंय.

टेबलामागचा माणूस म्हणतो, ‘सगळं आमच्याच शेतातलं, औषध अजिबात मारत नाही.’ आपण मान डोलावतो, चार पैसे जास्त मोजतो आणि पिशवी भरून निघतो. त्यातलं खरं किती हे कळायला आपल्या हातात नेमकं काय असतं?

एका टेबलावर मला बारा महिने तेरा काळ सगळं दिसतं. टोमॅटो, ढोबळी, फ्लॉवर, काकडी, गाजर, पालेभाज्या. कधी खंड नाही, पावसाने काही नासलं असंही कधी होत नाही. टोमॅटो एका मापाचे, एका रंगाचे. काकडीचं वाण कोणतं विचारलं तर ‘देशीच’. लावली कधी, तर ‘नेहमीच्याच वेळेला’. टेबलाखाली क्रेट रचलेले असतात आणि त्यांच्या कडेला लेबल खरवडून काढल्याचे चिकट पांढरे पट्टे तसेच राहिलेले असतात.

माल घाऊक बाजारातून येतोय हा माझा अंदाज. पुरावा नाही, त्यामुळे कुठला बाजार, कुठलं टेबल ते विचारू नका.

माझं म्हणणं एवढंच आहे की ‘कसं पिकवलं’ आणि ‘कुणी पिकवलं’ या दोन प्रश्नांची आपण गल्लत करतो. सगळी चर्चा सेंद्रिय की रासायनिक यावर. पण ज्याने पिकवलंच नाही, त्याला फवारणी झाली की नाही हे तरी कुठून ठाऊक असणार? तो ‘औषध मारत नाही’ म्हणतो तेव्हा खोटंही बोलत नसतो, हवेत बाण मारत असतो.

तुमचे अनुभव सांगा.

खडूस

घाऊक बाजारातला माल घाऊक बाजारातून घ्या, धुऊन खा, सुखी राहा. शेतकऱ्याशी हस्तांदोलन केलं की भाजी शुद्ध होते असं कुणी सांगितलं?

पानगळ

मी तर किडलेली भाजी शोधून घेते. पालकाच्या पानाला दोन-चार भोकं असली की समजायचं, औषध नाही. आमच्याकडे सगळे हेच करतात.

बांधावरचा

पानगळताई, ही खूण फार फसवी आहे. भोक पडलंय म्हणजे एका अळीने एके दिवशी पान खाल्लं, एवढंच त्यातून कळतं. बरेचदा भोकं दिसली म्हणूनच फवारणी होते, आणि पान भोकासकट बाजारात येतं. उलट बाजूने, जाळीखाली घेतलेला पालक औषधाच्या थेंबाशिवाय कोरा करकरीत निघतो. ‘किडकी म्हणजे शुद्ध’ हे गिऱ्हाईक बोलतं हे विक्रेत्यांनाही माहीत असतं, त्यामुळे चार किडकी पानं मुद्दाम वर ठेवणारेही भेटतात.

आता झोळीवालींचा मुद्दा. मी भाजी पिकवतो आणि अशा बाजारात टेबल लावतो, म्हणून पलीकडची बाजूही सांगतो.

बाहेरचा माल टेबलावर यायला सुरुवात होते ती लबाडीने नाही, रिकाम्या टेबलाच्या भीतीने. समजा लागवड पुढे-मागे झाली आणि एका आठवड्यात माझ्याकडे फक्त भोपळा, मेथी आणि थोडी वांगी आहेत. गिऱ्हाईक येतं, नजर फिरवतं, ‘आज काहीच नाही वाटतं’ म्हणतं आणि जिथे आठ-दहा प्रकार आहेत त्या टेबलाकडे वळतं. तिथे टोमॅटोबरोबर वांगीही घेऊन टाकतं. म्हणजे माझ्याकडे होती ती वांगीसुद्धा राहिली. असं दोन-तीन बाजारांना झालं की माणूस शेजारच्या शेतकऱ्याचे टोमॅटो आणतो. शेजाऱ्याचे आहेत, ओळखीचे आहेत, तेव्हा ‘आमचेच’ म्हणताना जीभ अडखळत नाही. मग शेजाऱ्याकडचे संपतात. मग पहाटे घाऊक बाजारात एक चक्कर. नंतर नंतर शेतापेक्षा ती चक्करच बरी पडते, कारण तिला ना तण काढावं लागतं ना पाणी द्यावं लागतं.

हे समर्थन नाही, हे मुद्दाम लिहितो. जो बाहेरचा माल आपला म्हणून विकतो तो माझ्या पोटावर पाय देतो, गिऱ्हाइकाच्या तर देतोच. पण बारा महिने भरलेलं टेबल हवं आणि तेही एकाच्याच शेतातलं हवं, या दोन मागण्या एकदम करणाऱ्या गिऱ्हाइकाला खोटं बोलणाराच विक्रेता मिळणार.

ठिबक

बांधावरचे +१. सविस्तर नंतर लिहितो.

चौकसबुद्धी

पण मग ओळखायचं कसं हे कुणीच सांगितलं नाही. मोसमाबाहेरची भाजी दिसली की पकडला, इतकं सोपं आहे का?

बांधावरचा

नाही. शेडनेट, पॉलिहाऊस, शीतगृह यांमुळे मोसम बराच ताणता येतो. गाजर, बटाटा, भोपळा तर साठवून महिनोन्‌महिने विकतात, त्यात फसवणूक काही नाही. एक खूण घेऊन न्यायनिवाडा करू नका. लहान शेत, पंधरा-वीस प्रकार, सगळं एका ग्रेडचं आणि प्रश्न विचारला की तुटक उत्तरं, असं सगळं एकत्र आलं तर शंका घ्यायला जागा आहे.

स्वतः पिकवणाऱ्याच्या टेबलावर ओबडधोबडपणा असतो. आखूड-लांब काकड्या एकाच ढिगात, कारण त्याच्याकडे प्रतवारी करून उरलेला माल टाकायला दुसरी जागा नसते. सुरुवातीला दोन आठवडे नुसत्या चिमूटभर भेंड्या, मग मध्येच भेंडीचा पूर, मग जून भेंडी, मग एकदम बंद. पिकाला असा चढ-उतार असतोच. दर आठवड्याला तेवढीच भेंडी ज्याच्याकडे, त्याने पाळीपाळीने लावली असेल तर तो तारखा सांगेलच.

हिशेबी

धागा आवडला. थोडं अर्थशास्त्राच्या बाजूने.

काही वस्तूंचा कस घेण्याआधी कळतो, काहींचा वापरल्यावर. तिसरी जात अशी की वापरूनही कळत नाही. डार्बी आणि कार्नी या दोन अर्थतज्ज्ञांनी १९७३ मध्ये ही तिसरी जात वेगळी काढून दाखवली. गाडीतला भाग खरंच बिघडला होता की मेकॅनिकने उगाच बदलला, हे गाडी चालू झाल्यावरही मालकाला कळत नाही. फवारणी न केलेला टोमॅटो याच जातीतला. चवीवरून, वासावरून, दुसऱ्या दिवशी पोट ठीक आहे यावरून काहीही सिद्ध होत नाही. ‘खाल्ल्यावर फरक कळतो’ म्हणणाऱ्यांना ताज्या भाजीचा फरक कळत असतो, बिनफवारणीचा नाही.

अशा वस्तूच्या बाजारात नुसत्या सद्‌भावनेवर काम भागत नाही, तपासणारा कुणीतरी लागतो. झोळीवालींनी जे दोन प्रश्न वेगळे केले ते इथे कामाला येतात, कारण ‘कुणी पिकवलं’ हे तपासणं त्यातल्या त्यात सोपं आहे. न्यूयॉर्कचा ‘ग्रीनमार्केट’ १९७६ ला सुरू झाला. तिथला मूळ नियमच असा की पिकवणाऱ्यानेच विकायचं, आणि निरीक्षक शेतावर जाऊन येतात. कॅलिफोर्नियात १९७७ पासून प्रमाणित शेतकरी बाजार आहेत. तिथे कौंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) कृषी आयुक्त शेतकऱ्याला एक दाखला देतो. त्यावर कुठलं पीक, किती क्षेत्रावर, अंदाजे किती उत्पन्न आणि काढणीचा काळ कोणता हे लिहिलेलं असतं. तो दाखला टेबलावर लावावा लागतो. दाखल्यात स्ट्रॉबेरी नाही आणि टेबलावर आहे, तर खेळ तिथेच संपला.

तरीही लबाडी झालीच. २०१० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका वाहिनीने काही विक्रेत्यांचा माग काढला आणि ते घाऊक गोदामातून माल उचलताना चित्रित केले. पुढे कायदा कडक झाला. २०१५ पासून तिथल्या शेतकऱ्याला ‘आम्ही विकतो ते आम्हीच पिकवतो’ अशा अर्थाची पाटी लावावी लागते आणि मालाच्या उगमाबद्दल खोटं सांगणं हा दंडनीय गुन्हा आहे.

खडूस

हिशेबी, दाखल्याचं कौतुक पुरे. २०१९ मध्ये अमेरिकेत मिझुरीच्या एका धान्य व्यापाऱ्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. कित्येक वर्षं साधं धान्य ‘प्रमाणित सेंद्रिय’ म्हणून विकत होता, उलाढाल १४ कोटी डॉलरच्या वर. कागद सगळे चोख होते. कागदावर विश्वास ठेवायचा, तर टेबलामागच्या माणसावर का नको?

हिशेबी

उदाहरण बरोबर आहे, निष्कर्ष नाही. त्याला शिक्षा झाली कारण ‘सेंद्रिय’ या शब्दामागे कायदा होता. ‘नैसर्गिक’, ‘विषमुक्त’, ‘रसायनमुक्त’ असल्या पाट्यांपैकी बहुतेकींच्या मागे कुठलंही मानक नसतं, त्यामुळे त्या मोडल्या असंही सिद्ध होत नाही.

प्रयोगशाळेतून

मी अवशेष तपासणीच्या क्षेत्रात आहे, म्हणजे भाजीत कीडनाशक किती उरलंय ते तपासायचं. ‘लॅबमधून तपासून आणा’ हा सल्ला कुणीतरी देणारच, म्हणून आधीच लिहितो.

एका नमुन्यात शेकडो कीडनाशकं एकदम तपासता येतात, पण ‘सगळी’ नाही. ग्लायफोसेट हे तणनाशक नेहमीच्या चाचणीत सापडतच नाही, त्याला वेगळी पद्धत लागते. मॅन्कोझेबसारख्या बुरशीनाशकांची चाचणीही वेगळी. नमुन्यातून सुटणारा कार्बन डायसल्फाइड वायू मोजून ती करतात. यात गंमत अशी की कोबी, फ्लॉवर, कांदा, लसूण यांच्यात मुळातच गंधकाची संयुगं असतात. तोच वायू त्यांच्यातूनही सुटतो आणि कधीही न फवारलेला कोबी फवारल्यासारखा दिसू शकतो. कुणी फक्त अशा आकड्यावरून शेतकऱ्याला चोर ठरवत असेल तर थांबवा त्याला.

शिवाय अवशेष सापडला म्हणजे या शेतकऱ्यानेच फवारलं असंही नाही. वाऱ्याने शेजारच्या शेतातून येतं. जुन्या जमिनीत डीडीटीसारखी रसायनं दशकानुदशकं टिकतात आणि काकडी-भोपळ्याच्या कुळातल्या काही भाज्या ती मुळांवाटे चांगलीच ओढून घेतात. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत म्हणूनच थोडी सूट ठेवली आहे. अवशेष कायदेशीर मर्यादेच्या ५ टक्क्यांपर्यंत असेल तर माल सेंद्रिय म्हणून चालतो, त्यावर गेला की नाही.

आणि युरिया टाकला की शेणखत, हे तर कीडनाशकाच्या चाचणीत दिसतच नाही. ‘अहवाल स्वच्छ आला म्हणजे सेंद्रिय’ हे म्हणूनच चूक. अहवाल एका नमुन्याचा असतो, शेताचा नाही. टेबलावर प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून लावलेला अहवाल दिसला तर तारीख बघा, कुठल्या भाजीचा आहे ते बघा, आणि नमुना कुणी घेतला ते विचारा. विक्रेत्यानेच निवडून पाठवलेला असेल तर त्याला फारसा अर्थ नाही.

खडूस यांच्या ‘धुऊन खा’बद्दल: वरवरचं बरंच जातं, आंतरप्रवाही औषध जात नाही. ते पानाच्या आत असतं.

खडूस

झालं, आता जेवणंही बंद करू. (माहिती उत्तम आहे, हे कबूल.)

चौकसबुद्धी

मग प्रश्न कोणते विचारायचे? ‘सेंद्रिय आहे का?’ विचारलं की उत्तर ‘हो’च येतं.

बांधावरचा

कारण तो प्रश्न नाही, ती विनंती आहे. समोरच्याने हो म्हणावं अशी विनंती.

हो-नाही वर सुटणारं काही विचारू नका. ‘कोबीवर अळी येते तिचं काय करता?’ असं विचारा. चौकोनी ठिपक्याच्या पतंगाने कोबीवाल्याला कधीतरी रडवलेलं असतंच. खरा पिकवणारा इथे बोलत सुटतो. म्हणेल, मोहरीच्या ओळी लावतो, पतंग तिकडे अंडी घालतो. म्हणेल, बीटी (अळी मारणारं जिवाणूंचं औषध) फवारतो पण ऊन उतरल्यावर, उन्हात ती टिकत नाही. आणि अळी लहान असतानाच, मोठी झाली की तिला फरक पडत नाही. म्हणेल, गेल्या वेळी अर्धा कोबी गेला. अपयशाचं वर्णन बारीक-सारीक असतं, ते बनवता येत नाही. ‘आमच्याकडे कीड येतच नाही’ असं जो म्हणतो त्याच्याकडे एक तर कोबी नाही किंवा खरं बोलणं नाही.

रासायनिक वापरणाऱ्याला विचारायचं असेल तर ‘शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस गेले?’ हा खरा प्रश्न. प्रत्येक औषधाच्या लेबलवर पिकानुसार थांबायचा काळ दिलेला असतो. कशाला एक दिवस, कशाला पंधरवडा आणि त्याहून जास्त. ज्याला हा आकडा तोंडपाठ आहे त्याची भाजी मी निर्धास्त घेईन. ‘थोडंसंच मारतो’ म्हणणाऱ्याची घेणार नाही.

शेणखत टाकणाऱ्यालाही विचारा. कच्चं की कुजवलेलं? टाकल्यावर किती दिवसांनी तोडणी? कच्च्या शेणातून जंतूंचा धोका असतो. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमात मातीला लागणाऱ्या पिकाला कच्चं शेणखत आणि काढणी यांत किमान १२० दिवस ठेवावे लागतात, न लागणाऱ्याला ९०. याबद्दल कुणी विचारत नाही, कारण शेण म्हटलं की सगळ्यांना ते आपोआप पवित्र वाटतं.

पानगळ

थांबा, सेंद्रियवालेही फवारतात?

बांधावरचा

फवारतात ना. निंबोळी अर्क, बीटी, अनेक मानकांत स्पिनोसॅड (हेही जिवाणूंपासून केलेलं कीडनाशक), तांब्याची औषधं. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण १८८५ पासून माहीत आहे, द्राक्षावरच्या केवडा या बुरशीच्या रोगासाठी फ्रान्समध्ये निघालं. ते सेंद्रियात चालतं, पण तांबं जमिनीत साचतं म्हणून युरोपात हेक्टरी सात वर्षांत मिळून २८ किलोची मर्यादा घातली आहे. म्हणजे सेंद्रिय आहे म्हणून कितीही मारा असं नाही. ‘आम्ही सेंद्रिय आहोत, अमुक फवारतो’ असं जो सांगतो तो मला ‘काहीच फवारत नाही’वाल्यापेक्षा जवळचा वाटतो.

ठिबक

लिहितो म्हटलं होतं.

मी सेंद्रिय नाही. टोमॅटो आणि ढोबळी करतो, ठिबकवर, पाण्यात विरघळणारी रासायनिक खतं देतो, गरज पडली तर फवारतो. सगळं स्वतःच्या शेतातलं, बाहेरचं एक फळ नाही. टेबलावर एक पाटी लावली होती: ‘टोमॅटो. करप्यासाठी एक फवारणी. लेबलप्रमाणे थांबून तोडणी.’ खाली औषधाचं नाव आणि तारीख.

काय झालं असेल? लोक यायचे, पाटी वाचायचे, ‘बापरे’ म्हणायचे आणि शेजारच्या टेबलावर जायचे. शेजारी पाटीच नव्हती. तिथे कुणी काही विचारायचंही नाही, कारण न लिहिलेलं म्हणजे न फवारलेलं अशी समजूत. एक बाई तर मुलाला हात लावू देईनात टोमॅटोला. नंतर मी पाटी काढली. विक्री पूर्ववत. टोमॅटो तेच, शेत तेच, मीही तोच.

तेव्हा प्रामाणिकपणा हवा म्हणणाऱ्यांनी जरा सांगावं की तो ऐकून घ्यायची तुमची तयारी आहे का. खोटं बोलणाऱ्याला शिक्षा नाही हे एक वेळ चालवून घेऊ, पण खरं बोलणाऱ्याला होते त्याचं काय?

झोळीवाली

ठिबकराव, वाचून वाईट वाटलं. पण खरं सांगू, तुमची पाटी मी सुद्धा वाचली असती तर क्षणभर बिचकलेच असते. आता नाही.

हिशेबी

ठिबक यांचं उदाहरण म्हणजे या सगळ्या प्रकरणाची मेख आहे. एकट्याने माहिती उघड केली की ती कबुलीजबाब वाटते. सगळ्यांनी केली की नुसती माहिती राहते. त्यामुळे हे विक्रेत्याच्या मर्जीवर सोडता येत नाही, बाजाराने सगळ्यांना सक्ती करावी लागते.

मधली आळी

सरकारी प्रमाणपत्रावर भिस्त का नाही ठेवत? भारतात एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे) सेंद्रिय अन्नाचे नियम २०१७ मध्ये आले ना?

हिशेबी

आले, पण थेट विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला त्यात सूट आहे. वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर प्रमाणपत्राशिवाय ‘सेंद्रिय’ म्हणून थेट ग्राहकाला विकता येतं, फक्त ‘जैविक भारत’ हे प्रमाणित सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह लावता येत नाही. अमेरिकेतही वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत सेंद्रिय विक्री असणाऱ्याला प्रमाणपत्र लागत नाही, नियम मात्र पाळावे लागतात. सूट योग्यच आहे. लहान शेतकऱ्याला प्रमाणीकरणाचा खर्च आणि कागदपत्रं झेपत नाहीत. पण शेतकरी बाजारात येणारे बरेचसे याच गटातले, म्हणजे जिथे विश्वासाची गरज सगळ्यात जास्त तिथेच कागद सगळ्यात कमी.

यावरचा मधला मार्ग म्हणजे सहभाग हमी पद्धत, पीजीएस. शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो, काही ठिकाणी ग्राहकही तपासणीला जातात. फ्रान्सची ‘नातूर ए प्रोग्रे’ ही संघटना १९६४ पासूनची, तिची पद्धत याच वळणाची. भारतात ‘पीजीएस-इंडिया’ आहे. गटात किमान पाच शेतकरी लागतात. रासायनिककडून सेंद्रियकडे रूपांतराच्या काळात ‘ग्रीन’ आणि तो पूर्ण झाल्यावर ‘ऑरगॅनिक’ असे दोन दर्जे. एफएसएसएआयलाही हे मान्य आहे.

रानवारा

पीजीएस गटात होतो. पद्धत चांगली, पण एक दुखणं. शेजारी शेजाऱ्याविरुद्ध लिहीत नाही. पाणी एका विहिरीचं, बांध एक, मुलांची लग्नं एका मांडवात. तुमच्या बांधालगत तणनाशक पडलेलं दिसलं, गवत पिवळं पडलंय, तरी तपासणीच्या कागदावर ‘समाधानकारक’. आमच्या गटाला फरक पडला तो ग्राहक तपासणीला यायला लागल्यावर. त्यांना शेतीतलं फार कळायचं असं नाही. पण गोदामाचं दार उघडा म्हणायला त्यांना भीड नसायची. आम्ही कुणी तसं म्हटलंच नव्हतं.

चौकसबुद्धी

हे भारी आहे. गोदामात काय बघायचं?

रानवारा

रिकामे डबे, पिशव्या, फवारणी पंप आणि वही. ज्याच्याकडे वही नाही त्याला तारखा आठवत नाहीत, आणि ज्याची वही एकाच शाईने एकाच बैठकीत लिहिलेली आहे त्याच्याशी जरा जास्त बोलायचं.

आणखी एक. अर्धं शेत सेंद्रिय, अर्धं रासायनिक असे पुष्कळ असतात. त्यात गैर काही नाही, पण मग दोन्हीकडे एकच पीक असेल तर वेगळं ठेवलंय कसं, हे विचारायचं. सेंद्रिय पट्ट्यातून निघू शकतील त्यापेक्षा जास्त टोमॅटो ‘सेंद्रिय’ म्हणून विकले जात असतील तर पेन्सिल-कागदावर कळतं.

पानगळ

पण शंका आली म्हणून कुणाचं नाव ग्रुपवर टाकू नका प्लीज. एका विक्रेत्याबद्दल असंच पसरवलं होतं. नंतर कळलं की रोपं नर्सरीतून आणली होती, कुणीतरी ट्रे बघून ‘बाहेरचा माल’ म्हणून फोटो टाकला. त्या माणसाचं टेबल नंतर दिसलं नाही.

बांधावरचा

पानगळताई, शंभर टक्के. नर्सरीची रोपं जवळपास सगळेच आणतात. शंका बाजार चालवणाऱ्यांकडे लेखी द्यावी, त्यांनी शेतावर जावं, निकाल सांगावा. शेतावर न जाता निकाल देणारी समिती आणि फोटो टाकणारा ग्रुप, माझ्या लेखी दोघे सारखेच.

झोळीवाली

एवढं सगळं वाचून आमच्या बाजाराच्या समितीला द्यायला एक मसुदा केलाय. सुधारा.

प्रत्येक टेबलाने हंगामाच्या सुरुवातीला पिकांची यादी द्यायची, क्षेत्र आणि अंदाजे काढणीच्या काळासकट. यादी टेबलावर लावायची. बाहेरून आणलेला माल विकायला बंदी नाही, पण तो वेगळ्या टोपलीत आणि कुणाकडून आणला ते लिहून. न लिहिता सापडला तर पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा त्या हंगामापुरतं टेबल बंद. समितीतला एक, दुसरा एखादा विक्रेता आणि एक ग्राहक अशा तिघांनी शेतावर जायचं.

खडूस

बंदी का नाही?

झोळीवाली

कारण बांधावरच्यांनी वर सांगितलंय ते पटलं. शेजाऱ्याचे टोमॅटो ‘शेजाऱ्याचे’ म्हणून विकले तर मला काहीच अडचण नाही. मी घेईनही.

बांधावरचा

मसुदा चांगला आहे. दोन गोष्टी. भेट काढणीच्या वेळी ठेवू नका. तेव्हा शेत भरलेलं असतं, काहीही दाखवता येतं. लागवडीनंतर थोड्याच दिवसांत जा, म्हणजे यादीतलं पीक खरंच जमिनीत आहे का ते दिसेल, आणि मग काढणीच्या दिवसांत न कळवता एकदा. दुसरं, क्षेत्र गुंठ्यात लिहायला लावा. ‘थोडंसं’, ‘चार ओळी’ चालवून घेऊ नका.

रानवारा

आणि तिघांत जो विक्रेता घ्याल तो त्याच पिकाचा नको. स्पर्धक असला की एक तर फार कडक नाही तर फार मऊ.

ठिबक

यादीत एक रकाना राहिला. ‘शेवटची फवारणी: काय आणि कधी’. सेंद्रिय असो नसो, सगळ्या टेबलांना. नसेल केली तर ‘नाही’ लिहायचं आणि खाली सही करायची. ऐच्छिक ठेवणार असाल तर मी भरणार नाही, आधीच सांगतो.

झोळीवाली

सक्तीचा केला. सहीसकट. समितीची बैठक झाली की इथे लिहिते.